सवेंगकाकांचा कच्चा पाक

सवेंगकाकांनी कढई उतरवली तेव्हा पाक अगदी त्यांच्या मनासारखा झाला होता. कालथ्यावरून जाड, संथ धार पडत होती. त्यांनी चिरलेले छोटे लाल कांदे, सोडे आणि लवंगी मिरच्या त्यात टाकल्या, एकदा ढवळलं आणि कैरी सोलायला बसले. दोन कैऱ्यांच्या फोडी होईस्तोवर वाडग्यातलं तोंडीलावणं थिजून दगड झालं. पहिली फोड बुडवायला गेले, तर फोडच मोडली.

शेजारच्या जुकमावशी कालव्याच्या पायरीवर भांडी घासत होत्या. हात पुसत आल्या, वाडग्यात डोकावल्या आणि चमच्याने त्यावर टकटक वाजवून पाहिलं.

"काय हो काका, ही सोड्यांची चिक्की केलीत होय? दात पाडून घ्याल, मग लमियतकाकू परत आल्या की ओळखायच्या नाहीत तुम्हाला."

"तीच ओळखू येईना झालीय," काका म्हणाले. "भुवयासुद्धा भादरल्यात तिने."

लमियत म्हणजे त्यांची बायको. चार दिवसांपूर्वी ती पांढरी वस्त्रं नेसून कालव्यापलीकडच्या विहारात राहायला गेली होती.

त्याचं कारण काकाच होते. थायलंडमधल्या आम्फावाच्या माडांच्या बागांत त्यांनी एक्केचाळीस वर्षं नीरा काढली. दिवसातून दोनदा माडावर चढायचं, पोय, म्हणजे माडाचा कोवळा फुलोरा, तासायची, बांबूच्या भरलेल्या नळ्या उतरवायच्या आणि मोठ्या कढईत आटवून गूळ पाडायचा. दोन वर्षांपूर्वी पाय निसटला आणि ते खाली आले. खुब्याचं हाड गेलं. ते दवाखान्यात पडून असताना लमियतने बुद्धमूर्तीपुढे नवस बोलला, की हा माणूस आपल्या पायांनी घरी चालत आला, तर मी पंधरा दिवस केस उतरवून मेचींच्यात, विहारातल्या पांढऱ्या वस्त्रांतल्या व्रतस्थ बायकांत, जाऊन राहीन. माणूस चालत आला. नवस मात्र मागे पडत गेला. आधी मुलीचं बाळंतपण, मग कालव्याचं पाणी घरात. नातवंड झाल्यापासून ती नवऱ्याला आजोबा म्हणू लागली होती. या उन्हाळ्यात ती म्हणाली, "आजोबा, आता नाही फेडला तर राहूनच जाईल."

केस उतरवायच्या दिवशी पहिली बट काकांनी कापायची होती. कमळाचं पान मुलीने धरलं होतं. पोय कागदासारखी पातळ तासणारा हात, पण त्या दिवशी कात्री नुसती केसांत अडकत राहिली. लमियत मान खाली घालूनच म्हणाली, "कापा हो, दुखत नाही."

भाताची काळजी नव्हती. मुलगी पाठवायची, जुकमावशी द्यायच्या. पण दारातला आंबा कैऱ्यांनी वाकला होता आणि दुपारी कैरीची फोड तोंडीलावण्यात बुडवून खाल्ल्याशिवाय काकांचा उन्हाळा कधी गेला नव्हता. लमियतने करून ठेवलेली बरणी चौथ्याच दिवशी संपली. गूळ घरचाच, माशांच्या खाऱ्या पाण्याची बाटली फळीवर. त्यात अवघड ते काय, असं त्यांना वाटलं होतं.

"चुकलं कुठं ते सांगू?" जुकमावशी म्हणाल्या. "तुम्ही तोंडीलावणं नाही केलंत, गूळ पाडलात. काकू पाक एकतारीही होऊ देत नाहीत. गार झाला की तो आपोआप दाटतो."

"कच्चा राहील."

"राहू दे ना कच्चा! तुम्हाला काय तो साच्यात ओतायचाय?"

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मनाला पटलं होतं, हाताला पटत नव्हतं. पातळ पाक उतरवायचा म्हटलं, की जन्मभर कढईपुढे बसलेलं अंग नको म्हणायचं. तिसऱ्यांदा त्यांनी जुकमावशींना शेजारी उभं केलं. पाकाला नुकते बारीक बुडबुडे आले होते.

"उतरवा."

"अजून थोडा—"

"काका, उतरवा म्हणते ना!"

त्यांनी उतरवला, पण चेहरा असा, जणू कोवळं पोर पाण्यात सोडलं. तासाभराने फोड बुडवली. तोंडीलावणं फोडीला धरून राहिलं. आधी गोड, मग खारट, आणि गिळल्यावर मिरची. काकांनी सबंध कैरी संपवली.

चौदाव्या दिवशी, विहारात आठवड्याला येणारा सणाचा वार धरून, ते डबा घेऊन विहारात गेले. मेची दुपारनंतर काही खात नाहीत, म्हणून सकाळीच निघाले. समोर लमियत आली आणि त्यांची पंचाईत झाली. त्रेचाळीस वर्षं जिला 'अगं' म्हणून हाक मारली, तिच्यापुढे हात जोडून खाली बसायचं.

"मेचींनी... आपण जेवलात का?" ते कसेबसे म्हणाले.

लमियतला हसू आवरेना. तिने फोड बुडवून खाल्ली. "कुणी केलं?"

"मी."

"खारट झालंय." आणि तिने दुसरी फोड उचलली.

डबा रिकामा झाल्यावर ती म्हणाली, "मी पावसाळा संपेपर्यंत इथं राहू का?"

"नवस पंधरा दिवसांचा होता."

"नवस फिटला. हे माझ्यासाठी विचारतेय. इथं मला झोप लागते. पहाटे कुणासाठी उठून काही पेटवायचं नसतं."

काका रिकामा डबा घेऊन घरी आले. तीन दिवस ते येईल त्याच्यावर चिडत राहिले. जुकमावशींवरही खेकसले, "तुम्ही मला शिकवलं नसतंत, तर ती परत आली असती!"

"असं होय?" मावशी म्हणाल्या, "घरात काकू हव्यात की स्वयंपाकीण, ते आधी ठरवा."

चौथ्या दिवशी ते पुन्हा विहारात गेले, हात जोडले आणि म्हणाले, "राहा. पण मी दर सणाच्या वारी येणार. आणि खारट म्हणायचं नाही."

"खारट असलं तर म्हणणारच," लमियत म्हणाली.

कैऱ्या संपल्या तसे ते पेरूच्या, मग कमरखाच्या फोडी नेऊ लागले. बाकीच्या मेचीही डब्याची वाट पाहू लागल्या. पाऊस सरल्यावर लमियत घरी आली, डोक्यावर बोटभर केस आणि भुवया पुन्हा जागच्या जागी. चुलीपाशी जाऊन तिने फळीवरून नजर फिरवली. बाटल्या, बरण्या, सगळंच हललेलं.

"आजोबा," तिने हाक मारली, "मीठ कुठं ठेवता हल्ली?"