साक्ष दिली आणि बोलणं बंद झालं

आज दुपारी लकडगंजच्या आमच्या गोडाऊनमध्ये ताई माझ्याशी बोलल्या. बातमी एवढीच... पण तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही.

मी राजापूरकडचा, शाळा सातवीत सोडली. कुठे टिकलो नाही, फिरत फिरत नागपुरात मसाला पॅकिंगला लागलो. ताई माझ्याच टेबलावर. त्यांचं नाव इथे लिहीत नाही.

आमचा सुपरवायझर त्यांना मुद्दाम चिकटून उभा राहायचा, नको तिथे हात लावायचा... सगळे बघायचे आणि मान खाली घालून पाकिटं भरायचे. शेवटी ताईंनी कंपनीच्या तक्रार समितीकडे तक्रार केली. साक्षीला मी एकटाच गेलो. जे पाहिलं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी कोणी बोलेना. जेवायला सगळे गोल करून बसायचे, मी मिरचीच्या पोत्यांजवळ. एक जण जाता जाता म्हणाला, "काय वकीलसाहेब, आज कोर्टाले सुट्टी का?" बाकीचे हसले.

त्यांचं सोडा... पण ताईसुद्धा बोलेनात. समोर आलो की तोंड फिरवून जायच्या. वाटलं, मी जे सांगितलं त्याने त्यांनाच लाज वाटली असेल. बॅग भरावी, दुसरं शहर बघावं, असं रोज मनात यायचं. घरी फोनवर मात्र "मजेत आहे" म्हणायचो.

आज निकाल आला. सुपरवायझरला काढलं. आणि जेवणाच्या सुट्टीत ताई सरळ माझ्यापुढे येऊन बसल्या.

"काहून गा, एवढा वाळला? जेवून नाही राहिला का?"

मी म्हटलं, तुम्ही रागावलात ना माझ्यावर?

"कायचा राग बाप्पा! समितीच्या मॅडमनं बजावलं होतं मले, निकाल लागेपर्यंत साक्षीदारासंग बोलायचं नाही. माह्या एका शब्दानं तुही साक्ष वाया गेली असती त?"

मॅडम फक्त केसबद्दल बोलू नका म्हणाल्या असणार. ताईंनी नमस्कारसुद्धा बंद केला होता...

"आता बोल," त्या म्हणाल्या. "जितकं बोलायचं तितकं बोल."

मी माझा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

बाकीचे अजून गप्प आहेत, उद्याही असतील. तरी बॅग भरावी असं आज वाटलं नाही... ताई, तुम्ही फेसबुकवर नाही, हे वाचणार नाही. तरी आभार.