खिडकीजवळचं आसन

वडील गेले आणि आमच्या घरातल्या दोन गोष्टी माझ्या गळ्यात पडल्या. एक वाडी, दुसरी पोथी. वाडीचं एक बरं असतं. केळीला पाणी चुकलं की ती दुसऱ्या दिवशी मान टाकून सांगते, चुकलास म्हणून. पोथी काही सांगत नाही. दत्तजयंतीच्या आधी सात दिवस सप्ताह बसवायचा, सोवळं नेसून रोजचे अध्याय वाचायचे, वाचन पुरं होईपर्यंत जागेवरून हलायचं नाही आणि मध्ये अवांतर एक शब्द बोलायचा नाही, ही आमच्याकडची रीत. बाकी सगळं मी एक वेळ निभावलं असतं, पण न बोलणं? आगाशीहून विरारला जाणाऱ्या एसटीत मी तोंड उघडलं की कंडक्टर तिकीट फाडायचं विसरतो, ड्रायव्हर मागे वळून ऐकतो आणि बस आपली आपण रस्ता ओळखून चालते. हे मी सांगत नाही, लोक सांगतात. लोकांना कोणी सांगितलं, ते विचारू नका.

आणखी एक रीत होती. वाचणाऱ्याच्या शेजारी एक पाट मांडायचा, त्यावर लोकरीचं आसन घालायचं, वर एक फूल ठेवायचं आणि ती जागा रिकामी सोडायची. पोथी चालू असताना दत्तमहाराज स्वतः ऐकायला येऊन बसतात, अशी वडिलांची श्रद्धा. ते त्या आसनाकडे पाय करून कधी झोपले नाहीत, त्याला ओलांडून कधी गेले नाहीत. मी मात्र लहानपणापासून त्या आसनाकडे बघून मनातल्या मनात हसत आलो. एवढं त्रैलोक्य सोडून महाराज वटारच्या बाजूच्या एका केळीच्या वाडीत, लाईट गेलेल्या घरात, माझं अडखळतं वाचन ऐकायला कशाला येतील? आले तर मच्छरच त्यांना टिकू देणार नाहीत. असला माझा भक्तिभाव. पहिल्या वर्षी सप्ताहाला बसलो तो केवळ आईसाठी.

आईचं सांगायला हवं. तिचा आवाज काय होता म्हणता! ती ओट्यावरून गड्याला हाक मारायची तेव्हा आगाशीच्या बाजारात तराजू हलायचे. पण वडील गेले आणि तो आवाज बंद झाला. ती रडली नाही, आजारी पडली नाही, फक्त गप्प झाली. हो, नाही, जेव, एवढेच शब्द. आमच्यासारख्या बोलघेवड्या घरात ती शांतता अशी बसली, जशी विहिरीत पडलेली घागर बसते. माझ्या बायकोने, सुलभाने, नाना प्रकार केले. मी एकसे एक गोष्टी रचून सांगितल्या. आईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

अशात तुळिंजच्या एका मित्राने मला कुत्र्याचं पिल्लू दिलं. तांबूस अंगाचं, कपाळावर पांढरा ठिपका, मुठीत मावेल एवढं. मी गावात सांगितलं की याचा आजा तुंगारच्या रानात वाघाच्या ताटातलं खायचा. पिल्लाने मात्र घरात पाऊल टाकल्या टाकल्या आईच्या वाळत घातलेल्या सोवळ्याचं टोक धरलं आणि ओढत अंगणात नेलं. आम्ही दोघं श्वास रोखून उभे. आई बाहेर आली, तिने ते पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून कडाडली, “मेल्या! तुझ्या बापाने नेसलं होतं का कधी सोवळं?” सुलभाने माझा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तर देवापुढे साखर ठेवली. त्या दिवसापासून आई दिवसभर बोलायला लागली, अर्थात फक्त पिल्लाशी, आणि तेही शिव्याच. आम्ही त्याचं नाव मोत्या ठेवलं होतं, पण ते ओ द्यायचं ते ‘मेल्या’ या हाकेलाच. त्याला स्वयंपाकघराचा उंबरा बंद होता आणि आईच्या पानातला शेवटचा घास रोज त्याच उंबऱ्याच्या बाहेर पडायचा.

त्या पहिल्याच सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी पिल्लाने खाणं सोडलं. मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब, आणि असा वास की पडवी दहादा धुऊनही जाईना. सुलभा विरारहून डॉक्टरांना घेऊन आली. माणूस भला, मोकळा. त्यांनी पिल्लाला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, “पार्वो आहे. व्हायरस. याला मारणारं औषध नाही, वहिनी. अंगातलं पाणी टिकवून धरायचं, बाकी झुंज त्याची त्यालाच द्यायची आहे.” लस टोचायची आमच्या मनात होती, सप्ताह उरकला की नेऊ म्हणत होतो. त्या दिवशी त्यांनी कसंबसं सलाईन चढवलं. चौथ्या दिवशी सकाळी आले तेव्हा पिल्लू इतकं सुकलं होतं की नसच मिळेना. पुढचे पाय झाले, मागचे झाले. “माझा हात म्हशींवरचा,” ते कपाळाचा घाम पुसत म्हणाले, “आणि ही नस दोऱ्याएवढीही उरली नाही. कातडीखाली थोडं पाणी सोडलंय, पण ते पुरायचं नाही. सामान इथेच ठेवतो. दोन गोठे उरकून दुपारी येतो. तोवर राहिलं तर बघू.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिने त्या दोन दिवसांत पिल्लाला एक शिवी दिली नव्हती. मला म्हटलं असतं की सप्ताह राहू दे, तर मी सोवळं फेडून विरारच काय, दिल्लीपर्यंत पळालो असतो. ती एवढंच म्हणाली, “तू वाच.” आणि आत गेली. मला कळलं, विहिरीत घागर परत चालली आहे.

मी पोथीपुढे बसलो, पण मनात भक्ती नव्हती, भांडण होतं. समोर तसबीर होती. महाराजांच्या पायाशी नेहमीची चार कुत्री. मी मनात म्हटलं, तुमच्या पायाशी चार चार मजेत बसलीत, आणि आमच्या घरी एक होतं तेही तुम्हाला बघवेना? शेजारच्या आसनावर आईने सकाळीच कागड्याचं फूल ठेवलं होतं. पांढरं, टवटवीत, कोणाचीही वाट न बघणारं. लाईट गेलेली होती. घरात उजेड होता तो एकाच ठिकाणी, पूर्वेच्या खिडकीतून त्या रिकाम्या आसनावर पडणारा.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला, “सुलभाताई आहेत का? मला इनासकाकांनी पाठवलंय. गोठ्यासाठी पेंढा हवा होता.” इनासकाका आमचे कुंपणाला कुंपण लागून असलेले शेजारी. नाताळ जवळ आला की त्यांच्या अंगणात बाळ येशूचा गोठा उभा राहतो आणि त्याला पेंढा जातो आमच्या पडवीतून. वडिलांच्या आधीपासूनची पद्धत. दरवर्षी काका स्वतः येत. त्या वर्षी त्यांचा पाय मुरगळलेला, म्हणून त्यांच्या बायकोच्या माहेरची कोणी पाहुणी आली होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पांढरा झगा, डोक्याला पांढरं वस्त्र, सिस्टर होती ती. पुढे कळलं की लांब कुठल्या दवाखान्यात तान्ह्या मुलांच्या वॉर्डात काम करायची. पेंढ्याच्या ढिगाशी ती वाकली आणि तिथेच थांबली. कारण त्याच पेंढ्यात आमचं पिल्लू पडलं होतं.

बाहेर काय बोलणं झालं ते मला अर्धवट ऐकू आलं. “नस बसून गेली असेल. होतं असं,” ती म्हणत होती. “आमच्याकडे मुठीएवढी बाळं येतात. बघू का मी? सामान आहे ना? पाणी गरम करा थोडं.” सुलभा चुलीकडे धावली. आणि सिस्टर पिल्लाला दोन्ही हातांत घेऊन, उजेड शोधत, ओल्या पावलांनी थेट आत आली. तिने घरभर नजर फिरवली. खिडकी दिसली, खिडकीतला उजेड दिसला, उजेडात मांडलेला पाट दिसला. कोणी आपल्यासाठीच मांडून ठेवावा इतक्या सहज ती त्या आसनावर बसली.

माझ्या तोंडात ओवी आणि घशात किंकाळी. बोलायची बंदी! मी भुवया उडवल्या, तर तिने हसून मान लववली. मी डोळे मोठे केले. ती म्हणाली, “चालू द्या तुमचं, मला त्रास नाही.” मी मोठ्याने वाचायला लागलो, जणू ओवीतूनच तिला सांगणार होतो, बाई, ऊठ, ती जागा कोणाची आहे माहीत आहे का! बसताना तिने आसनावरचं फूल उचललं होतं. ते कुठे ठेवावं कळेना, म्हणून तिने हात लांबवून माझ्यापुढे धरलं. आणि मी ते घेतलं. ओंजळ करून घेतलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. माझा हात माझ्या विचारण्याआधी पुढे झाला. त्या क्षणी माझ्या अंगावर जो काटा आला तो वाडीतल्या करवंदीलाही कधी आला नसेल. आणि हे एक वाक्य सोडलं तर यापुढे मी काही वाढवून सांगणार नाही. वाढवायला जागाच नाही.

तिने पिल्लाचा पाय दोन बोटांत धरला, घासला, फुंकर घातली. डोळे मिटल्यासारखे करून नुसत्या बोटाने चाचपत राहिली. मग सुई गेली. नळीत लाल रेघ दिसली. “मिळाली,” ती म्हणाली, जसं अंधारात कोणाचं बोट धरायला मिळावं. आता बाटली उंच धरायला हवी होती. तिने वर पाहिलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. रेशमी सोवळं, हातात नैवेद्याची वाटी. समोर महाराजांच्या आसनावर परक्या घरची बाई, तिच्या मांडीवर कुत्रं, पांढऱ्या झग्यावर रक्त. सुलभा गरम पाण्याचं पातेलं घेऊन जागच्या जागी थिजली. माझी ओवी ओठांवर लटकली.

“आजी, जरा ही बाटली धरता का? उंच धरा,” सिस्टर म्हणाली.

वडिलांनी उभ्या आयुष्यात सांगितलेलं एक काम आईने मुकाट्याने केलं नव्हतं. तिने वाटी खाली ठेवली. पुढे आली. सोवळ्यातला हात वर करून तिने ती बाटली धरली आणि उभी राहिली. एक थेंब पडला. दुसरा पडला. आईने माझ्याकडे न बघता म्हटलं, “थांबलास का? वाच. ऐकतायत.”

मी वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. किती वेळ, ते माहीत नाही. थेंब पडत होते, ओव्या जात होत्या, आईचा हात खाली येत नव्हता. त्या खोलीत चार माणसं आणि एक पिल्लू होतं, पण खोली भरलेली होती. मला मान वळवून शेजारी बघायचा धीर होईना. डोळ्यांच्या कडेला नुसता पांढरा उजेड होता. झग्याचा असेल, खिडकीचा असेल. मी वाद घालत नाही.

बाटली संपली तेव्हा पिल्लाने जीभ बाहेर काढून सिस्टरचं बोट चाटलं. ती उठली, पाटाकडे, सुलभाने आत आणलेल्या पातेल्याकडे, माझ्या सोवळ्याकडे बघून जरा ओशाळली. “मी कोणाची जागा अडवली का? कोणी यायचं होतं इथे?”

आई म्हणाली, “आले.” आणि वाकून नमस्कार केला. सिस्टर गडबडून मागे सरली, “अहो आजी, हे काय!” म्हणत तिने आईचेच हात धरले. मग पेंढ्याची पेंडी काखेत मारून ती कुंपण ओलांडून गेली.

दुपारी डॉक्टर आले, नळी बघून खूश झाले. “ज्यांनी कोणी लावलीय त्यांना माझा सलाम,” म्हणाले. पिल्लू काही चुटकीसरशी उठून बसलं नाही. रोज सकाळी सिस्टर यायची, रोज त्याच आसनावर बसायची, रोज आई बाटली धरायची. दत्तजयंतीला संध्याकाळी पाळणा झाला, आरती झाली, आणि सुंठवड्याचं ताट उंबऱ्यापाशी ठेवून आई वळते न वळते तोच मागे खडखडाट झाला. काड्यांसारख्या चार पायांवर डुगडुगत आमचे मोत्याराव ताटात तोंड घालून उभे. “मेल्या!” आई ओरडली. “देवाआधी तू?” मंडळी हसली. मला मात्र तसबिरीकडे बघवेना, डोळे भरून आले होते.

मोत्या पुढे चांगला दांडगा झाला, इनासकाकांच्या आणि आमच्या वाडीची मिळून राखण करायचा. सिस्टर नाताळ झाल्यावर परत गेली, पुन्हा भेटली नाही. आमच्याकडे सप्ताह अजून होतो. पेंढा मागायला आता कोणी येत नाही, कारण आई स्वतः डोक्यावर पेंडी घेऊन इनासकाकांच्या अंगणात पोचवते. आणि आसन मांडताना ती एक गोष्ट न चुकता करते. पाट खिडकीकडे थोडा सरकवते. कोणी विचारलं तर म्हणते, “त्यांना कामाला उजेड लागतो.”

मी जन्मभर बोलत आलो. पण त्या सकाळी मला बोलता आलं असतं, तर मी काय केलं असतं हे मला पक्कं ठाऊक आहे. हात जोडून, चांगल्या शब्दांत, मी तिला त्या आसनावरून उठवलं असतं. महाराजांची जागा महाराजांसाठी मोकळी करून घेतली असती. पोथीने माझं तोंड बांधलं, म्हणून माझ्या हातून कृपेला दार लागलं नाही. तेव्हापासून दिवसात एकदा तरी मी गप्प बसतो. शेजारची जागा रिकामी ठेवतो, आणि तिथे कोण येऊन बसावं हे ठरवायच्या भानगडीत पडत नाही.