फ्रेंच कॅफेतला लाडवांचा डबा

जपानला यायला मी एका अटीवर तयार झाले होते: कधीतरी फ्रान्स दाखवायचं. नवऱ्याने मान डोलावली. तो सेंदाईच्या विद्यापीठात संशोधक, त्यामुळे मान डोलावण्यापासून प्रत्यक्ष काही घडेपर्यंत वर्षं जातात हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. मला छोट्या फ्रेंच गावांतून हिंडायचं होतं, फुटपाथवरच्या खुर्चीत कॉफी पीत येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवायची होती. पुण्यात वाढलेल्या बाईला आणखी काय हवं असतं?

तोवरची सोय म्हणून एका रविवारी तो मला बसने समुद्रकाठच्या एका गावात घेऊन गेला. तिथे म्हणे फ्रेंच कॅफे होता. त्सुनामीत बाजारपेठ वाहून गेल्यावर गावात दुकानांसाठी पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांची रांग उभी केली होती, आणि न्हावी व मासेवाला यांच्या मधोमध हा कॅफे. भिंतीवर पॅरिसच्या मनोऱ्याचं चित्र. सत्तरीची मालकीणबाई स्वतः फ्रान्सला कधी गेलेली नव्हती.

"तुम्ही जाऊन आलात?" तिने विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं. नवरा मेनूकार्डात तोंड खुपसून बसला.

कांद्याचं सूप मात्र झकास. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर तिने सूप वेगळं करून दिलं, आणि निघताना सफरचंदाचा केक स्वतःच्या डब्यात घालून हातात ठेवला. इथेच घोळ झाला. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं. पुढच्या खेपेला मी त्यात बेसनाचे लाडू भरून नेले. तिच्याकडे ओकाएशी, म्हणजे परतभेटीचा रिवाज. मिळालेलं नुसतं पचवून बसणं ही नामुष्की. तिने डब्यात बिस्किटं घातली. मी शंकरपाळे. तिने पुन्हा केक. मी चिवडा, ज्याबद्दल ती काही बोलली नाही, पण शेजारचा न्हावी खूश दिसला.

"एकदा रिकामा देऊन बघ ना," नवरा म्हणायचा. आमच्यापैकी कुणाचीच ती हिंमत नव्हती. वर्षं अशीच गेली.

शेवटी त्याला फ्रान्समधली एक परिषद मिळाली आणि मला फ्रेंच गावं. खुर्च्या होत्या, फुटपाथ होता, नावं ठेवण्याजोगी माणसं मुबलक होती. कांद्याचं सूप मांसाच्या रश्श्यातलं, म्हणून ते फोटोपुरतं नवऱ्यासमोर ठेवलं. कॉफी सुरेख होती. पण निघताना कुणी काही बांधून दिलं नाही, आणि मी चक्क हिरमुसले. खऱ्या फ्रान्समध्ये बसून मला पत्र्याच्या फ्रान्सची आठवण येत होती.

परत आल्यावर कळलं की पत्र्याची रांग हटवणार. मातीचा भराव घालून उंच केलेल्या जमिनीवर नवी बाजारपेठ तयार झाली होती. मालकीणबाईंनी तिथे दुकान थाटायचं की टोकियोला मुलाकडे जायचं, हे ठरत नव्हतं. मुलगा रोज फोन करत होता. ओव्हनवर चिठ्ठी लागली होती: हवा असेल त्याने न्यावा. तिने टोकियोला जाऊ नये असं मला वाटत होतं. त्या देशात मी दारात दिसताच चूल पेटवणारी ती एकटीच होती.

शेवटच्या रविवारी तिचा डबा माझ्याकडेच होता. मी तूप सढळ हाताने घातलं, बेदाणे लावले, आणि झाकण जेमतेम बसेल इतके लाडू भरले. हा शुद्ध कावेबाजपणा होता.

तिने झाकण उघडून आत पाहिलं.

"तुम्ही हे मुद्दाम केलंत," ती म्हणाली.

"हो."

"याची परतभेट बिस्किटांवर भागणार नाही. केकच करावा लागेल."

तिने डबा गल्ल्याजवळ ठेवला, हात पुसले, आणि जाऊन ओव्हनवरची चिठ्ठी काढली.