गोळा करणाऱ्याचं नाव

नामदेवरावांचा विषय निघाला की माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते. ती त्यांच्यावर जाते की माझ्यावर, ते मला विचारू नका. मी सुजाता, विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ऑफिस सुपरिंटेंडंट. एकवीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खोलीत बसले.

त्यांची खोली म्हणजे हर्बेरियम. वाळवलेली झाडंझुडपं जाड कागदावर चिकटवायची, खाली चिठ्ठी लावायची आणि लोखंडी कपाटांत ठेवायची, ती जागा. डांबरगोळ्यांच्या वासानं नवा माणूस पाच मिनिटांत बाहेर पळतो. नामदेवराव तिथं छत्तीस वर्षं होते. हुद्दा अटेंडंट, शिक्षण दहावी. आजोबा उदगीरकडची शेती सोडून शहरात आलेले. नारायणगुड्यात दोन खोल्या, बायको भामाबाई, मुलगी प्रणिता. माणूस असा सरळ की बसमध्ये कंडक्टर विसरला तर स्वतः गर्दीतून वाट काढत तिकीट मागायला जायचे. भामाबाई म्हणायच्या, ह्यांच्यासंगं कुठं जायचं म्हणजे परेशानीच.

अक्षर मात्र काय सांगू! चिठ्ठी लिहायला बसले की श्वास रोखून लिहायचे. तारीख, जागा, मातीचा रंग, फुलाचा रंग. कारण वाळल्यावर फुलाचा रंग जातो, तो लिहूनच ठेवावा लागतो. झाडाचं शास्त्रीय नाव तेवढं श्रीकांत सर घालायचे.

हे श्रीकांत सर आमचे प्रोफेसर, हिमायतनगरचे. घरात तीन पिढ्या वकील आणि मास्तर. विद्वान माणूस, ते मी नाकारणार नाही. सुरुवातीला दोघं बरोबर जंगलात जायचे. मग सरांची गुडघेदुखी आली, परदेशवाऱ्या आल्या, कमिट्या आल्या. नामदेवराव एकटेच अनंतगिरीला नाहीतर अमराबादच्या जंगलात जायला लागले. बसनं जायचे, पाठीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. चार-चार दिवस वाडीवस्तीवर राहायचे, जळवा लावून घ्यायचे आणि गठ्ठा भरून आणायचे.

आता त्या चिठ्ठीवर एक ओळ असते. गोळा करणाऱ्याचं नाव. त्या ओळीत नामदेवराव दर वेळी सरांचं नाव लिहायचे. खाली सर सही करायचे. तीस वर्षं हे चाललं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी एकदा विचारलं होतं, अहो, गेलात तुम्ही आणि नाव सरांचं कसं? ते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच काही वाईट बोलले. म्हणाले, "ताई, खोली सरांची, विद्या सरांची. तिथं मी माझं नाव लिहू? बरं दिसतं का ते?" मीही हौ म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

मग विद्यापीठानं डिस्टिंग्विश्ड प्रोफेसर हा दर्जा द्यायचं ठरवलं. साध्या प्रोफेसराच्याही वरचा मान. सगळ्या विद्यापीठातून दोघा-तिघांनाच मिळायचा. निवृत्तीनंतरही खोली आणि संशोधन चालू, शिवाय नाव दगडावर कोरून मुख्य इमारतीत. आमच्या विभागातून सरांचं नाव गेलं आणि फाइल केली मी. मोठ्या हौसेनं केली. चाळीस पानांची यादी लावली आणि त्यात ठोकून दिलं, स्वतः गोळा केलेले नमुने साडेचार हजार. आकडा मी नामदेवरावांच्याच रजिस्टरातून घेतला होता. त्यांनी तो स्वतः मोजून दिला, दोनदा.

दुसऱ्या विभागातला एक उमेदवार काही झोपलेला नव्हता. त्यानं तारखा काढल्या. सर एका पावसाळ्यात चाळीस दिवस जर्मनीत, आणि त्याच चाळीस दिवसांतले बासष्ट नमुने अमराबादचे, सरांच्या नावावर! तक्रार गेली. चौकशी समिती बसली. पेच साधा होता. एकतर सर खोटे, नाहीतर चिठ्ठ्या लिहिणारा.

नामदेवरावांची रिटायरमेंट तीन महिन्यांवर आली होती. आणि आमच्या विभागात एक पद्धत आहे, कोणी सुरू केली देव जाणे. निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर माणसाचं सर्व्हिस बुक वाचतात. कधी लागला, रजा किती, बढती कधी. आणि सगळ्यात शेवटी, पनिशमेंट. त्यावर वाचणारा 'निल', म्हणजे एकही नाही, असं म्हणतो आणि अख्खा हॉल टाळ्या वाजवतो. अटेंडंट लोकांना दुसरा कुठला मान मिळतो हो? नामदेवराव त्या एका शब्दासाठी जगत होते म्हटलं तरी चालेल. दुसऱ्यांच्या निरोपाला ते पुढं बसून तो शब्द ऐकायचे. प्रणिताला सांगून ठेवलं होतं, त्या दिवशी सुट्टी काढ, आईला घेऊन ये.

चौकशीत टिपणं घ्यायला मीच होते. तिघं साहेब समोर, सर एका बाजूला, नामदेवराव उभे. मी आदल्या दिवशी त्यांना परोपरीनं सांगितलं होतं, सरळ सांगा की सरांनी तसं लिहायला लावलं. ते म्हणाले, पण त्यांनी नाही ना लावलं.

साहेबांनी विचारलं, हे नाव घालायला कोणी सांगितलं? नामदेवराव म्हणाले, कोणी नाही. मग का घातलं? तर म्हणे, आदरानं. एक साहेब हसले. पुढचा प्रश्न खरा होता. सरांना हे माहीत होतं का?

नामदेवराव हळूच म्हणाले, "ते सरांना विचारा, साहेब."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते. साडेचार हजार सह्या केलेला माणूस, चष्मा पुसत होता! तेवढ्यात चहा आला. चहानंतर तो प्रश्न कोणी विचारला नाही. आणि मी? मला तोंड नव्हतं? सह्या मी पाहिल्या होत्या, त्या चिठ्ठीवरच्या ओळीबद्दल एकदा बोललेही होते. पण सरांच्या हाताखाली माझी अजून नऊ वर्षं होती. मी मूग गिळून बसले आणि लिहिलं, अधिक प्रश्न नाहीत.

निकाल आठ दिवसांत आला. चिठ्ठ्यांतली नोंद अटेंडंटनं परस्पर, कोणाच्याही सूचनेविना केली. सरांनी विश्वासानं सह्या केल्या. अटेंडंटला ठपका. सर्व्हिस बुकात पनिशमेंटपुढं ती ओळ लाल शाईनं मीच लिहिली. सरांचं पुस्तकी काम तसंही मोठं होतं, दर्जा मिळाला. सत्काराला नामदेवरावांनी खुर्च्या मांडल्या. मला वाटलं होतं, निदान आता तरी हा माणूस चिडेल. ते म्हणाले, "ताई, चूक माझीच होती, लिहिलं तर मीच ना. फक्त भामाला माहीत नाही. घरी मी बोललो नाही."

निरोपाच्या दिवशी भामाबाई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. प्रणितानं मोबाइल उभा धरला होता. अध्यक्ष श्रीकांत सर, हातात शाल. सर्व्हिस बुक वाचायचं माझ्याकडे.

मी ठरवूनच आले होते. त्या ओळीशी थांबायचं. खोटं बोलायचं नाही, खरंही नाही. लोकांना टाळ्यांची सवय आहे, ते वाजवतील. मी सगळं वाचलं. छत्तीस वर्षं, चार महिने. आजारपणाची रजा अकरा दिवस. मग म्हणाले, "पनिशमेंट..." आणि पुस्तक मिटलं. झालंही तसंच. मागून टाळ्या सुरू झाल्या. भामाबाईसुद्धा वाजवायला लागल्या, तोंडभर हसत.

नामदेवराव उठून उभे राहिले. टाळ्या थांबेपर्यंत थांबले.

"एक," ते म्हणाले. "ताईंचं वाचायचं राहिलं. एक आहे."

सर शालीची घडी उलगडत होते, ती तशीच हातात राहिली. प्रणितानं मोबाइल खाली घेतला. भामाबाईंचे हात अजून एकमेकांवर होते.

"कशाबद्दल?" त्यांनी विचारलं. बाकी कोणाकडे पाहिलं नाही, फक्त नवऱ्याकडे.

"चिठ्ठ्यांवर नाव लिहिलं म्हणून."

"कुणाचं? आपलं?"

"नाही. सरांचं."

भामाबाईंना काही कळलं नाही. कळण्यासारखं होतं तरी काय त्यात! त्यांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आम्ही दोघं शिकलेली माणसं काहीतरी समजावून सांगू म्हणून. सर टेबलाकडे बघत होते. मी मिटलेलं पुस्तक छातीशी धरून उभी राहिले, आणि त्या दिवशीही काही बोलले नाही.