बायकांच्या खोलीतली खुर्ची

आमचा उमेदवार पडला त्याचं खापर गावानं माझ्या डोक्यावर फोडलं. मतदानाच्या दिवशी बायकांच्या खोलीतली आमच्या बाजूची खुर्ची मी तासभर आधी सोडली, मतपेटीला लाखेची मोहोर लागेपर्यंत बसले नाही, म्हणून म्हणे. सोडली. सत्तरी ओलांडल्यावरही सांगते, सोडली, आणि पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा सोडीन. कोणाला राग येत असेल तर खुशाल येऊ द्या.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि आमची भातकुली अमरावतीच्या भाजीबाजारावर जगत होती. आमचं मळ्याचं घर. वांगी, मेथी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि धुऱ्यावर, बांधावर, झेंडू. मत तेव्हा सगळ्यांना नव्हतं. ज्याच्या नावावर पुरेशी जमीन त्याला, त्याच्या बायकोला, आणि लिहितावाचता येणाऱ्या बाईला. मी माहेरी मोर्शीला चौथी शिकलेली, म्हणून यादीत माझं नाव माझं म्हणून होतं. बाकीच्या बायका नुसत्या ‘अमक्याची बायको’ म्हणून. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हेही कबूल करते.

आमचा उमेदवार मळेवाल्यांतलाच, समोर मोठ्या जमीनदाराचं घराणं. बायकांच्या खोलीत उमेदवाराची प्रतिनिधी बाईच हवी होती, आणि आमच्यात वाचता येणारी मी एकटी. उमेदवारानं मला बिल्ला दिला, नियमांचा छापील कागद दिला आणि बजावलं, की काही झालं तरी पेटीला लाख लागेपर्यंत हलायचं नाही. तो कागद मी चुलीपुढे बसून पाठ केला. प्रतिनिधीनं बसावं, पाहावं, बोलू नये. तक्रार असेल तर लेखी द्यावी. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला दिवसभर गप्प बसवणं म्हणजे शिक्षाच, पण बसले.

मतदान शाळेत होतं. अधिकारी नागपूरकडचा, उन्हातही कोट न काढणारा. माणूस वाईट नव्हता, पण कागदाबाहेर पाऊल टाकायला भ्यायचा. पहिलीच बाई आली ती आमची शेजारीण. त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं पदर ओढून घेतला आणि खाली पाहत उभी राहिली. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं असं समजायचे. साहेबानं तीनदा विचारलं आणि ओळख पटत नाही म्हणून तिला परत पाठवलं. दुसरी परत, तिसरी परत. समोरच्या घराण्यातल्या बायका मात्र आल्या की दारावरचा कोतवाल लवून मुजरा करायचा, झाली त्यांची ओळख. त्यांची प्रतिनिधी बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर पान चघळत गालातल्या गालात हसत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलायची बंदी होती, लिहायची नव्हती. मी कागद मागून घेतला आणि लिहिलं, की ओळखीची शंका आली तर यादीतल्या दुसऱ्या मतदारानं ओळख पटवली तरी चालते, असं तुमच्याच नियमांत आहे, काढून वाचा. साहेबानं वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग नाइलाजानं त्यानंच रांगेला सांगितलं, की मागची बाई पुढचीची ओळख देऊ शकते.

झालं. आपल्या नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी, शेजारणीच्या नवऱ्याचं घ्यायला कोणाच्या बापाची भीती? बायका अशा खुलल्या की विचारू नका. नुसतं नाव सांगून थांबतील तर शपथ. तो बहिरा, तो विड्या फुंकतो, तो दोन बायकांचा दादला आणि ही त्यातली थोरली, असं सगळं साहेबाला ऐकावं लागलं. सकाळी परत पाठवलेल्यांनाही निरोप गेले आणि त्याही ताठ मानेनं येऊन मत देऊन गेल्या. पान चघळणाऱ्या बाईचं हसू कुठल्या कुठे गेलं.

माझी सासू सगळ्यांत शेवटी आली. सासरे सकाळीच मत देऊन वांग्यांची गाडी घेऊन अमरावतीला गेले होते. मोटेचं पाणी वाफ्यात फिरत होतं, ते सोडून हिला येता येईना. चार वाजून गेल्यावर आली तेव्हा पायाला पोटरीपर्यंत चिखल होता. तिच्यामागे रांगेत कोणी नव्हतं, आणि मत देऊन बाहेर गेलेल्यांना पुन्हा आत यायची बंदी होती. साहेबानं कोतवालाकडे पाहिलं, तर तिच्या हातची भाजी रोज नेणारा तो कोतवाल आपल्याला काही माहीत नाही म्हणाला.

साहेबानं तिला नवऱ्याचं नाव विचारलं.

“माहं नाव इचार ना सायेब,” ती म्हणाली. “मत मी देऊन राहिली. त्याचं नाव कायले पाह्यजे?”

आणि तिनं आपलं नाव सांगितलं. सावकाश, नीट, पूर्ण. साहेबानं यादीवर बोट फिरवलं. ते कुठंच नव्हतं.

नऊ वर्षं मी त्या बाईच्या घरात नांदत होते. तिच्याशी भांडले, तिच्या हातचं खाल्लं, माझी दोन बाळंतपणं तिनं काढली. तिला आत्याबाई म्हणायची. तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, तेही परक्या माणसानं विचारलं म्हणून. माझी मला लाज वाटली.

साहेब तिला घरी जायला सांगत होता. ती हलेना. मळ्यातून चालत आले आहे, मत दिल्याशिवाय जात नाही, एवढंच म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. त्यात विनवणी बिनवणी काही नव्हती, डोळे वटारूनच पाहिलं.

मी उठले. बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि जाऊन तिच्यामागे उभी राहिले. साहेबाला म्हटलं, आता मी प्रतिनिधी नाही. तुमच्या यादीत माझं नाव आहे, तपासा. मी मतदार म्हणून हिची ओळख देते.

त्यानं पाहिलं, नाव सापडलं. मग विचारलं, ही कोणाची बायको? आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी इतर बायकांसारखी शेजारीण नव्हते, सून होते. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, नवऱ्याच्याइतकंच ते वर्ज्य. पण घेतलं. बाहेर ऐकू जाईल असं घेतलं. सासरे त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, अगदी ठणठणीत, हेही इथं लिहून ठेवते.

साहेबानं खूण केली, तिला मतपत्रिका दिली आणि ती पडद्यामागे गेली. मी खुर्चीकडे वळले तर शेजारची बाई म्हणाली, बिल्ला एकदा काढला तो काढला, आता हिला बसता येणार नाही. साहेबानं कागद पाहिला. तिचं म्हणणं बरोबर होतं. मी निमूट बाहेर आले.

शाळेच्या फाटकात बायका थांबल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं होतं. कोणी तोंडावर पदर धरला, कोणी म्हणालं की आता हिची काही खैर नाही. मलाही तसंच वाटत होतं, कारण सासूच्या जिभेला सारा मळा भ्यायचा. ती आली ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“त्याचं नाव घेतलं ना तू?”

मी मान हलवली.

“मंग आता माहं बी घे.”

मी घेतलं. साऱ्या बायकांदेखत, मोठ्यानं. ती ऐकत उभी राहिली. मग पदर खोचला आणि म्हणाली, “अजून एकदा घे.”