आरशातली भुवई

सोमवारची दुपार. सोमवारी वस्तऱ्याला सुट्टी, म्हणून दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून सोपान काशीद आपल्याच खुर्चीत रेलला आहे. उद्या कोर्टात साक्ष. त्यानं बोट दाखवायचा अवकाश, येसबा लोहार जन्मभर आत. खुनी सापडला, काम फत्ते, मग दुपारची भाकरी तशीच का राहिली, हे काही त्याला कळत नाही.

डोळे मिटतात, पण पुरते मिटत नाहीत. समोरच्या आरशातला उजेड दुधासारखा गढूळ होतो. आणि सोपानला दिसतं की आपण उभे आहोत, हातात ब्रश आहे आणि खुर्चीत हंबीरराव पाटील बसला आहे. एका गालावर फेस, दुसरा गाल चकाचक, आणि मानेवर कोयत्याचा घाव, तोंड वासल्यासारखा.

"अर्धी दाढी घिऊन किती दिस फिरू रं, सोपान?"

"पाटील, तुमी तर…"

"मेलोय. ठावं हाय मला. तुज्याच खुर्चीत मेलोय. हात चालव."

सोपान वस्तरा उघडतो. त्या दिवशीही असाच उघडला होता. तेवढ्यात कोणीतरी शटरखालून वाकून आत आला. तोंडाला मफलर गुंडाळलेला. पाठीमागचा तो माणूस सोपानला दिसला तो समोरच्या आरशात, तेही नुसते डोळे आणि मधोमध फाटलेली एक भुवई. मग कोयता वर गेला. सोपान टेबलाखाली घुसला. पुढचं त्यानं फक्त ऐकलं.

"पोलिसांम्होरं कुनाला दावलंस?" हंबीरराव विचारतो.

"येसबाला. रांगेत धा जन हुबं केलं व्हतं. फाटकी भुवई त्याचीच. खूण पक्की हाय, पाटील."

फाडकन कानाखाली बसते. फेस उडून आरशावर थापला जातो.

"हाड्, म्हणं खूण पक्की! तुला मानसं सरळ कधी दिसली का रं?"

खोटं नाही ते. उभा जन्म सोपाननं माणसं पाहिली ती आरशात. सख्खा व्याही बाजारात समोरासमोर आला, तर हा पठ्ठ्या ओळख न देता भाजी घ्यायला लागला. व्याही आठ महिने रुसला. आणि तोच दुकानात येऊन खुर्चीत बसला, तर "या या, व्याहीबुवा!" गावानं यावरून त्याची काय कमी टिंगल केली?

"भुवई कंच्या हाताला व्हती?"

"डाव्या हाताला. आरशात डाव्या हाताला दिसली, रांगंतबी डाव्या हातालाच दिसली."

बोलता बोलता त्याचे पाय गार पडतात. खाली बघतो तर खुर्ची घोट्याभर पाण्यात. नदीचा घाट. दहावा दिवस. भावकीतली माणसं ओळीनं उघडी बसलेली, आणि समोरच्या धोंड्यावर डोकं खाली घालून शहाजी, हंबीररावाचा धाकटा भाऊ. हंबीररावाला पोरगा नाही, म्हणून अग्नी दिला तो शहाजीनं. धाय मोकलून रडला तोही शहाजी. वर्षानुवर्षं शहरात राहिलेला, सोपानच्या खुर्चीत एकदाही न बसलेला.

सोपानचा वस्तरा त्याच्या कपाळावरून फिरतो. अंगठ्याखाली खडबड लागते. डावी भुवई, मधोमध फाटलेली. दहाव्यालाही लागली होती. तेव्हा आपण काय केलं? वस्तरा जपून वळवला आणि म्हणालो, मालक, मान जरा वर करा.

"आगं आई गं," सोपान म्हणतो.

"घाटावर आरसा न्हवता न्हवं?" हंबीरराव दुकानातला आरसा भिंतीसकट उपटून त्याच्यापुढे धरतो. "घे. आता बघ."

आरशात सोपान आहे, शहाजी आहे. सोपानचा हात आपोआप पुढे जातो आणि शहाजीचं तोंड झाकतो. उरतात ते डोळे. माणूस समोर होता तेव्हा उजव्या हाताला असलेली भुवई आरशात डाव्या हाताला येते, त्या दिवशी होती तिथंच. येसबाची फाटकी भुवई उजवी, ही डावी.

सोपान किंचाळतो.

"त्याच्या हातचा भात मी खाईन व्हय?" हंबीरराव त्याची मानगूट धरून डोकं पाण्यात दाबतो. नाकातोंडात पाणी नाही, साबण जातो. "बोल, कोन?"

"शहाजी!"

"मोठ्यांदा! येसबाच्या बायकुला ऐकू जाऊ दे!" पुन्हा डोकं खाली. धोंड्यावर कपाळ आपटतं.

"शहाजी, शहाजीच! मी भ्यालो व्हतो, पाटील!"

"भ्यालास ते सोडलं. पर बिनगुन्ह्याचा मानूस आत घालतोस व्हय, भाड्या?" हंबीरराव त्याच्याच हातातला वस्तरा हिसकून घेतो. "तुला डावंउजवं उमगत न्हाई. म्हनून लिवून ठिवतो. आरशात बघू नगंस. हातानं चाचप."

गालावर आग उतरते.

सोपान धडपडून जागा होतो. दुकान कोरडं ठक्क. वस्तरा खणात, मिटलेला. पण गळ्याशी काहीतरी ऊन ऊन ओघळतं आहे. तो आरशाकडे बघायचं टाळतो आणि हात गालावर नेतो. डावा गाल. बोटभर लांब चीर, बोटं लाल.

शटर खडखडत वर जातं. दारात शहाजी उभा आहे.

"आप्पा, उद्या सकाळी गाडी आनतो. कोर्टात नेतो, परत आनतो. तुमी फकस्त बोट दावायचं. आरं, गालाला काय झालं?"

सोपान समोरासमोर त्याच्याकडे बघतो. भुवई उजव्या हाताला आहे. तो खुर्ची आरशाकडे फिरवतो आणि टॉवेल झटकतो.

"बसा की, मालक. कवा बसला न्हाईत हितं."

शहाजी खुर्चीकडे बघतो, मग आरशाकडे. डोळा डोळ्याला भिडतो, आरशात. उंबऱ्यावरचा पाय तो मागे घेतो.

"नको. घाईत हाय."

सोपान तुरटीचा खडा गालावर दाबतो. भयंकर झोंबतं.

"मग उद्या गाडीबी नको," तो म्हणतो. "मी एष्टीनं जाईन. येसबाच्या बायकुला संगं नेनार हाय."