पायऱ्यांखालची धार

डोंबिवलीहून मला दरवर्षी अंबरनाथच्या प्राचीन शिवालयात नेणारे एक नेहमीचे रिक्षावाले वाटेतल्या प्रत्येक देवळापाशी भक्तिभावाने हॉर्न वाजवतात, आणि लगेच पुढच्या टेम्पोवाल्याला शिवी हासडतात. मला ते रुचत नसे.

यंदा गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरणे माझ्या गुडघ्यांना अशक्य झाले. अभिषेक अंतरला, असे वाटून मी वरच थांबलो. सोबत आलेल्या त्या रिक्षावाल्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला.

"काका, तुम्ही इथून मंत्र बोला, मी खाली पाणी सोडतो. टेन्शन नाय घ्यायचं."

मी रुद्र म्हणू लागलो. मध्येच धाप लागून स्वर तुटला, तेव्हा खालची धारही थांबली.

"आरामात काका, पाणी आहे अजून!"

परतताना त्यांचा हॉर्न मला प्रथमच घंटेसारखा वाटला.